साभार परत

आमच्याकडे 'द एक्स फाइल्स' ही मालिका लागली की आईला नायक मल्डरशी देणंघेणं नसे आणि नायिका स्कलीशीही. परग्रहवासी, गुप्त प्रयोगशाळा, मल्डरची पळवून नेलेली बहीण यांतलं काहीच तिला शिवत नसे. पण मागे भिंतीला टेकून धूर सोडणारा तो सुटातला माणूस दिसला की ती हमखास विचारी, "अरे, याला घरचं कुणी काही बोलत नाही का?"

तेव्हा मी "आई, गप्प बस ना" म्हणायचो. पुढे कळलं, अख्ख्या मालिकेतला सगळ्यात नेमका प्रश्न तिनंच विचारला होता.

1993 च्या पहिल्या भागात हा सिगारेटवाला जवळजवळ मुकाच आहे. मोर्ली नावाच्या, खऱ्या बाजारात न मिळणाऱ्या सिगारेटी फुंकत उभा राहायचं, एवढंच त्याचं काम. गंमत म्हणजे ही भूमिका करणारे कॅनडाचे विल्यम बी. डेव्हिस यांनी सिगारेट कधीच सोडलेली होती. चित्रीकरणात ते झाडपाल्याच्या सिगारेटी ओढत. पण हा मुका माणूस लोकांच्या डोक्यात असा बसला, की 17 नोव्हेंबर 1996 ला त्याच्यावर एक अख्खा भाग झाला, 'म्यूझिंग्ज ऑफ अ सिगरेट स्मोकिंग मॅन'. लेखक ग्लेन मॉर्गन, दिग्दर्शक जेम्स वाँग. मल्डर-स्कली त्यात नावापुरतेच.

या भागानुसार विसाव्या शतकात अमेरिकेत जे जे झालं ते ते यानंच केलं. डॅलसला केनेडींवर गोळी यानं झाडली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरही यानंच. केनेडींच्या खुनाचा आळ ज्याच्यावर आला त्या ऑस्वाल्डला टेक्सास थिएटरात पोलीस पकडतात तेव्हा हा मागच्या रांगेत बसून आयुष्यातली पहिली सिगारेट पेटवतो. तोवर कुणी पुढे केली तर नको म्हणणारा सालस मुलगा! नंतर नंतर तर त्याचं खातं इतकं वाढतं की सद्दामचा फोन आला तरी थांबवून ठेवतात. बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघानं, आपण जिवंत असेपर्यंत सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, जिंकता कामा नये, असाही त्याचा हुकूम आहे.

ही थट्टा बफेलोकरांना किती झोंबली असेल! त्यांचा संघ 1991 ते 1994 अशी सलग चार वर्षं सुपर बोलपर्यंत गेला आणि चारही वेळा हरला. पहिल्यांदा तर एका गुणानं, शेवटची किक खांबाच्या उजवीकडून बाहेर गेली म्हणून. असलं दुर्दैव नुसतं दुर्दैव आहे हे पचत नाही. कुणीतरी मुद्दाम केलं म्हटलं की जरा बरं वाटतं.

असा हा सर्वशक्तिमान माणूस रात्री घरी जाऊन काय करतो? कादंबरी लिहितो. टोपणनाव राऊल ब्लडवर्थ, नायक जॅक कोलक्विट, गुप्तहेर. आणि ती साभार परत येते. पुन्हा पाठवतो, पुन्हा परत. शेजारी कुणी नाही, विचारपूस करणारं कुणी नाही. नाताळला हाताखालच्या सगळ्यांना एकसारखे टाय वाटतो आणि एकटा घरी येतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

मी या जागी नेहमी टीव्हीकडे जरा सरकून बसतो. एकेकाळी मीही दिवाळी अंकांना कथा पाठवत असे, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडून. नकारही आपल्याच खर्चानं यायचा आणि आपल्याच हस्ताक्षरात. ज्याच्या हातात सरकारं आहेत त्याला एक संपादक वाकवता येत नाही, हे पाहून मला जो दिलासा मिळाला तो त्या संपादकांच्या छापील चिठ्ठ्यांनी कधी दिला नाही.

शेवटी एक मासिक त्याची गोष्ट घेतं. तो हरखतो, राजीनामा टाइप करतो. अंक आल्या दिवशी स्टॉलवर जाऊन पानं उलटतो, तर संपादकानं शेवट बदललेला! तिथेच तो सिगारेटचं पाकीट विकत घेतो. राजीनामा बारगळतो. मग बाकावर बसून आयुष्य आणि चॉकलेटचा डबा यांवर जे कडू भाषण करतो, ते दोनच वर्षं आधी आलेल्या 'फॉरेस्ट गम्प' या सिनेमाचं विडंबन आहे.

या सगळ्याचा पुरावा मात्र काहीच नाही. ही हकिकत सांगतो फ्रोहिकी, मल्डरचा कारस्थानवेडा मित्र, आणि त्यानं ती वाचलीय एका भिकार मासिकात. म्हणजे केनेडी, किंग, सद्दाम ही ब्लडवर्थसाहेबांची छापून आलेली कल्पनाशक्तीही असू शकते. सिगारेटवाला समोरच्या इमारतीतून दुर्बिणीची बंदूक रोखून हे ऐकत असतो. मूळ संहितेत फ्रोहिकी मरणार होता. पडद्यावर तो वाचतो. आज नको, असं सिगारेटवाला पुटपुटतो, आणि तेही त्याच्याच कादंबरीतलं वाक्य.

चाहते यावर बराच खल करतात: दया आली, की मालिकेला फ्रोहिकी हवा होता? मला विचाराल तर त्यानं ओळखलं, हा आपला वाचक आहे. बहुधा एकुलता एक. असल्या माणसाला कोण गोळी घालेल? मी तर चहा पाजला असता.

पुढे मालिकेनं त्याला वारंवार मारलं. 1997 साली खिडकीतून गोळी, 2000 साली चाकांच्या खुर्चीसकट जिन्यावरून खाली, 2002 साली थेट क्षेपणास्त्र. 2018 साली मल्डरनं गोळ्या घालून पाण्यात ढकललं आणि सगळे म्हणाले, आता संपला. मी काही म्हणालो नाही. डेव्हिस हे वॉटर-स्कीइंगमधले कॅनडाचे विजेते आहेत, आणि बफेलोनं अजून सुपर बोल जिंकलेला नाही.