छत्तिसात सव्वीस

आमच्या बॅचच्या पोट्ट्यांमध्ये कोणी ‘केबल येऊन राहिली’ म्हटलं की समोरच्यानं समजून घ्यायचं, हे काम काही या जन्मी होत नाही. मोर्शीची एसटी कधी येते? केबल येऊन राहिली. संत्र्याले भाव? केबल येऊन राहिली. एका मित्राच्या लग्नाची केबल तर त्याच्या चाळिशीपर्यंत येतच होती.

हे वाक्य मुळात आमच्या कॉम्प्युटरच्या सरांचं. शाळाशाळांतून संगणक शिकवण्यासाठी केंद्र सरकारनं १९८४-८५ साली ‘क्लास’ नावाची योजना काढली होती. तिच्यातून केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो जातीचे संगणक देशभर वाटले गेले, आणि १९८८ साली मी नववीत असताना त्यातला एक आमच्या शाळेत येऊन पोचला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला पडदे, दाराला कुलूप आणि दाराबाहेर आमच्या चपला. आत सर कळफलकाला हात लावायचे आणि आम्ही सर हात लावताना पाहायचो. शेजारच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या खोळीत एक प्रिंटर निजलेला असे. ‘केबल आली की प्रत्येकाचं नाव छापून देतो,’ असं सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं. दहावीचा निकाल आला, केबल आली नाही.

गेल्या हिवाळ्यात आंब्या बहाराच्या गाड्या भरणं चालू असताना मी भंगारवाल्याकडे जुनं कूलर विकायला गेलो, तर तिथं पत्र्याच्या डब्यांवर तो बसलेला. तोच म्हणजे तीच जात. अंगाचा रंग पिवळट पडलेला, पण डोक्यावरच्या लाल बटनांची ओळ अजून ओठ रंगवल्यासारखी. भंगारवाल्यानं त्याला काट्यावर टाकलं. चार किलोला थोडा कमी भरला. ३२ केबी स्मरणशक्तीचा संगणक मी रद्दीच्या हिशेबात उचलला आणि कूलर तिथंच राहिलं. घरी बायकोनं विचारलं, ‘विकायला गेले होते की आणायला?’

त्याला टीव्हीशी जोडून बटन दाबलं. दोन सुरांत ‘बूऽप्-बीप’ केलं, पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ उमटलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या आत फाटकन आवाज होऊन घरभर धूर झाला. पस्तीस वर्षांहून जास्त उपाशी ठेवलेल्या कपॅसिटरला एकदम २३० व्होल्टचं जेवण वाढल्यावर दुसरं काय व्हायचं! मी ते धूड उचलून आमच्या मोटर रिवायंडिंगवाल्या मिस्त्रीकडे नेलं. वरूडमध्ये मोटर जळली की डॉक्टरच्या आधी त्याला फोन जातो.

‘किती एचपी हाये, भाऊ?’ त्यानं विचारलं.

‘मोटर नाही, कॉम्प्युटर आहे.’

‘मंग हे करते काय?’

‘हिशेब करतो.’

‘हिशेब त माहा मोबाईलबी करते,’ असं म्हणून त्यानं जळका कपॅसिटर उपटला, डब्यातला त्याच मापाचा नवा लावला आणि दहा मिनिटांत रोगी उठून बसला.

आता प्रिंटर. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मेला असं ज्यांना वाटतं त्यांनी संत्र्याच्या हंगामात वरूडच्या एखाद्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन उभं राहावं. बिल्टीच्या तीन प्रती लागतात आणि कार्बन उमटायचा तर कागदावर कोणीतरी ठोसा मारावा लागतो. लेझर आणि इंकजेट ही सभ्य मंडळी, ती कागदाला फक्त स्पर्श करतात. हा मात्र एकाखाली एक लावलेल्या नऊ बारीक पिना शाईच्या फितीवर आपटत जातो, म्हणून गाडीवाल्याची, व्यापाऱ्याची आणि ऑफिसची अशा तिन्ही प्रती एकाच दमात निघतात. एप्सनचा एमएक्स-८० हा याच नऊ पिनांच्या घराण्यातला. तो १९८० च्या सुमारास आला आणि जगभरच्या घरगुती संगणकांच्या शेजारी जाऊन बसला. आवाज म्हणाल तर पत्र्यावर गारा. माझ्या साळ्याचं ट्रान्सपोर्ट आहे. त्याच्याकडचा एक म्हातारा प्रिंटर निवृत्त झाला होता, तो मी मागून आणला.

दोन्ही स्थळं घरात आली आणि पत्रिका पाहायची वेळ झाली. प्रिंटरच्या पाठीमागच्या सॉकेटात मी संपर्क मोजले, ते निघाले ३६. संगणकाला उलटं करून त्याच्या पोटाखालची दातेरी पट्टी मोजली, ते निघाले २६. छत्तिसात सव्वीस गुण! आपल्याकडे अठरा जुळले तरी मांडव घालतात. सव्वीस म्हणजे भटजीनं दक्षिणा वाढवून मागावी असं स्थळ.

हे छत्तीस कुठून आले म्हणाल, तर त्यात कोणत्याही ऋषीचं गणित नाही. सेंट्रॉनिक्स ही अमेरिकेतली कंपनी वांग यांच्या कॅल्क्युलेटरच्या कारखान्यातून फुटून निघालेली. १९७० साली तिनं प्रिंटर काढला तेव्हा वांग यांच्याकडे एका जुन्या कॅल्क्युलेटरसाठी आणलेले ३६ पिनांचे सुमारे २०,००० कनेक्टर उरलेले होते. तेच लावून टाकले. लग्नात उरलेल्या पत्रावळी तेरवीला काढाव्यात, आणि मग सगळ्या गावानं तीच पत्रावळ प्रमाण मानून पुढची तीस वर्षं जेवावं, तसं जगाचं झालं.

आणि त्या सव्वीस तारांत तरी काम करणाऱ्या किती? आठ तारांवरून एकेक अक्षर जातं. नववी तार ‘घे’ म्हणते आणि दहावी उलटून ‘घेतलं’ म्हणते. बाकीच्या बहुतेक नुसत्या अर्थिंगच्या. त्या मध्ये मध्ये बसून दोन बोलणाऱ्यांची कुजबुज एकमेकांत मिसळू देत नाहीत. म्हणजे लग्न लावणारे दहा आणि उरलेले वऱ्हाडी. आमच्या भागात यात नवल काही नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पट्टीची केबल आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर मागवले. यात डाग द्यायचा नसतो. केबल कनेक्टरच्या दातांवर ठेवून शिकंज्यात दाबली की दात आपोआप तारांत रुततात. मी मिस्त्रीच्या शिकंज्यात स्वतःच्या हातानं दाबली, घरी येऊन जोडली, छापायची आज्ञा दिली. प्रिंटर ढिम्म. संगणकानं थोडी अक्षरं पोटात साठवून पाहिली आणि मग तोही थांबला. समोरून ‘घेतलं’ आल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, असा त्याचा बाणा. तो रुसला, हा फुगला. छत्तीस गुणांचा बघता बघता छत्तीसचा आकडा झाला.

पुन्हा मिस्त्री. त्यानं मीटरचा बझर लावला, या टोकाची एक नंबरची पिन धरली आणि त्या टोकाला चाचपत गेला. जिथं वाजायला पाहिजे तिथं शांतता, आणि भलत्याच कोपऱ्यात पीऽऽ.

‘भाऊ, बाशिंग उलटं बांधलं नं तुमी!’

त्यानं पेचकसानं कनेक्टर हलकेच उचकटला, फिरवला, पुन्हा दाबला. पैसे घेतले नाहीत. ‘चालू झालं की मले दाखवा,’ एवढंच म्हणाला.

मी त्यालाच घरी आणला. आज्ञा दिली आणि प्रिंटर एकदम असा खडखडला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. आम्ही दोघं कागदावर वाकलो. वीस ओळींचा मजकूर त्यानं एकाच ओळीत छापला होता. म्हणजे छापणं झालं की पिनांची गाडी डावीकडे परत येई, पण कागद वर सरकतच नव्हता. सगळी पंगत एकाच पाटावर, एकमेकांच्या मांडीत.

टाइपरायटरवर एकच दांडा ओढला की दोन्ही कामं होत. इथं त्याच कामाच्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, गाडी परत आण आणि कागद सरकव. बीबीसी मायक्रो मुळातच कागद सरकवायची आज्ञा प्रिंटरला पाठवत नाही. ते समोरचा करेल, असं तो धरून चालतो. प्रिंटर धरून चालतो की सांगितल्याशिवाय आपण कशाला करायचं. अगदी व्याह्यांसारखं! हे समजले जेवण तिकडून आहे, ते समजले इकडून.

मी संगणकाला ‘स्टार एफएक्स ६,०’ अशी आज्ञा देऊन कागद सरकवायचा निरोप पोचता केला. तेवढ्यात मला न सांगता मिस्त्रीनं प्रिंटरच्या पोटातल्या चिमुकल्या स्विचांपैकी कागद आपोआप सरकवणारा स्विच पेचकसाच्या टोकानं पाडून ठेवला होता. आता दोन्ही घरांनी स्वयंपाक केला! प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी. पंगतीत एकाआड एक पाट मोकळा. शेवटी स्विच जागेवर आणला, आज्ञा तेवढी ठेवली, आणि पंगत नीट बसली.

खुशीत मी पहिलं बिल मिस्त्रीचंच छापायला घेतलं, १५० रुपये. रुपयाचं चिन्ह २०१० सालचं, ते या कळफलकावर कुठून असणार? पौंडाचं होतं, ते दाबलं. या संगणकाच्या यादीत ९६ व्या जागी पौंड बसतो, प्रिंटरच्या यादीत त्याच जागी एक तिरकी बारीक टिकली.

मिस्त्रीनं कागद उजेडात धरला. ‘दीडशेच्या समोर हे माशी काय बसली?’

‘ते पौंड आहेत.’

‘राहू द्या माशी. मारू नोका,’ म्हणून त्यानं बिल घडी करून खिशात घातलं. पैसे त्याही दिवशी घेतले नाहीत.

रात्री एकटा बसलो. वर्गाचा हजेरीपट आठवून आठवून टाइप केला. मशीनला मराठी येत नाही, म्हणून सगळी नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. साठातली चाळीसेक आठवली. त्यातले दोघं आता नाहीत, त्यांचीही घातली, कारण सरांनी ‘प्रत्येकाचं’ म्हटलं होतं. प्रिंटरनं एकेका नावावर नऊ पिना ठोकल्या. बायको झोपेतून उठून आली, कागद पाहिला आणि म्हणाली, ‘दोन महिने यासाठी?’ मग खाली वाकून माझं नाव शोधलं.

कागदाचा फोटो काढून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या बाकमित्राला पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. पहाटे त्याचं उत्तर आलेलं होतं :

‘म्हणजे केबल आली म्हण नं लेका.’