आठवणींची आदर्श उत्तरपत्रिका

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर जो विधी पार पाडला जातो, त्यास ‘निरोप समारंभ’ म्हणतात. सोळाव्या वर्षात असलेल्या किंवा येऊ घातलेल्या विद्यार्थ्याने आपल्या शालेय आयुष्याकडे मागे वळून पाहावे, गहिवरावे आणि हे सर्व मधल्या सुट्टीपूर्वी आटोपावे, हा त्याचा हेतू होय. ‘गहिवर’ ही येथील पारिभाषिक संज्ञा असून कार्यक्रमपत्रिकेत तिचे स्थान ईशस्तवन, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय यांच्यानंतर व अध्यक्षीय भाषणापूर्वी ठरलेले असते. आभारप्रदर्शनानंतर येणारा गहिवर नियमबाह्य समजला जातो, कारण तोवर वडे थंड होऊ लागलेले असतात.

या विधीचा गाभा म्हणजे ‘विद्यार्थी मनोगत’. मनात असलेले ते मनोगत, हा व्युत्पत्तीने निघणारा अर्थ येथे लागू पडत नाही. वर्गशिक्षकांनी आदल्या दिवशी तपासलेला, लाल शाईने दोन ओळी कापून परत दिलेला आणि फुलस्केप वहीच्या मधल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवलेला मजकूर, असा त्याचा शालेय अर्थ आहे. या मजकुरात शाळा हे दुसरे घर असते, शिक्षक मूर्तिकार असतात, विद्यार्थी मातीचे गोळे असतात आणि पाखरे घरट्यातून उडून जाण्याच्या बेतात असतात. एकाच परिच्छेदात माती व पाखरे ही दोन्ही रूपे धारण करण्याबद्दल आजवर कोणत्याही विद्यार्थ्याने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. रत्नागिरीपासून गोंदियापर्यंत आढळणाऱ्या या एकवाक्यतेचे मूळ समान अनुभवात शोधणे चुकीचे ठरेल. ‘शाळेचा निरोप घेताना’ हा विषय निबंधासाठी पिढ्यान्‌पिढ्या ‘अपेक्षित’, म्हणजे परीक्षेत येण्याचा दाट संभव असलेला, मानला गेला असून त्याचे नमुना उत्तर गाइडात तयार मिळते. परिणामी शाळेचा खरा निरोप घेण्यापूर्वीच विद्यार्थ्याने तो चाचणी, सहामाही आणि सराव परीक्षेत मिळून तीनदा घेतलेला असतो, आणि माइकसमोर त्याचा आवाज जेथे दाटून येतो, तेथे पुष्कळदा पुढचे वाक्य आठवत नसते.

मनोगतांतील कृतज्ञतेचा मोठा हिस्सा माराच्या वाट्याला जातो, ही बाब कायद्याच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. ‘सरांनी छडी मारली म्हणून आम्ही घडलो’ हे वाक्य टाळ्यांचे हमखास वाक्य होय. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केलेली आहे. मात्र हा कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी असल्यामुळे, आभार मानल्या गेलेल्या सर्व छड्या वयाची चौदा वर्षे उलटल्यानंतरच बसल्या असाव्यात, असे औदार्याने मानण्यास जागा राहते.

यानंतर मुख्याध्यापक ‘उज्ज्वल निकालाची परंपरा’ या विषयाकडे वळतात. शंभर टक्के निकाल म्हणजे शाळेतून परीक्षेस बसलेला प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होणे. २०२५ मध्ये राज्याचाच निकाल ९४.१० टक्के लागल्याने फाटकावरील फलकावर झळकण्याची पात्रता आता शंभर या एकाच आकड्यात उरली आहे. हे साध्य करण्याचे दोन मार्ग संभवतात. सर्वांना शिकवणे हा पहिला. जे शिकले नाहीत त्यांना बसूच न देणे हा दुसरा, आणि तो कमी खर्चाचा. आठवीपर्यंत वर्षानुवर्षे अडवणूक नव्हती, त्यामुळे सगळा गाळ नववीच्या चाळणीत अडकत आला, असे या क्षेत्रातील जाणकार खासगीत सांगतात. मग पालकांना बोलावून चहा पाजला जातो आणि ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ असा हिताचा सल्ला दिला जातो. शाळेत नियमित न जाता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देण्यासाठी जो अर्ज भरावा लागतो, त्याला हे नाव आहे. कलम १७ विद्यार्थ्याला छडीपासून राखते आणि फॉर्म १७ त्याला वर्गातूनच मोकळा करतो, हा निव्वळ योगायोग समजावा. शेवटच्या बाकावरून अशा रीतीने उठून गेलेल्यांची आठवण कोणत्याही मनोगतात येत नाही, गटफोटोत त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवली जात नाही, आणि वर्गणी काढून शाळेस भेट दिलेल्या भिंतीवरील घड्याळाखाली ‘दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांकडून’ असे निःशंकपणे रंगवले जाते.

मागे वळून पाहण्याचा हा छंद केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही; एकदा तो खुद्द राज्य मंडळासही जडला होता. २०२१ मध्ये महासाथीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण दहावीतील वर्षभराच्या लेखी मूल्यमापनास, २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनास आणि तब्बल ५० गुण नववीच्या निकालास देण्यात आले. म्हणजे विद्यार्थ्याच्या भवितव्याचा निम्मा भाग अधिकृतपणे भूतकाळावर सोपवला गेला आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षी शाळा बराच काळ बंद असल्याने सभागृहातले निरोप समारंभ बहुतेक ठिकाणी झाले नाहीत, मातीचे गोळे मोबाईलच्या पडद्यावरच राहिले, तरी निकालावर त्याचा काही विपरीत परिणाम झाल्याचे दिसले नाही. या विधीच्या शैक्षणिक उपयुक्ततेविषयी इतका स्वच्छ पुरावा एरवी हाती लागत नाही.

खऱ्या आठवणींचा साठा शाळेत नसतो, असा याचा अर्थ नव्हे; तो व्यासपीठावर नसतो, इतकेच. समारंभाच्या दिवशी रंगीत खडूंनी सजवलेल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘पट ५८, उपस्थित ५१’ असे काहीतरी तसेच राहिलेले असते, आणि नीट पाहिल्यास त्याखाली वर्गप्रमुखाने लिहिलेल्या ‘बोलणाऱ्यांची नावे’ या यादीतील एक नाव अर्धवट पुसलेले दिसते. ते नाव कोणी पुसले, त्याच्या बदल्यात वर्गप्रमुखास डब्यातील काय मिळाले, आणि पी. टी.चा तास गणिताने गिळला तेव्हा मैदानाकडील खिडकीशी कोण किती वेळ उभे राहिले, हा त्या वर्गाचा इतिहास होय. तो सर्वांना तोंडपाठ असतो, परंतु अभ्यासक्रमात नसल्यामुळे माइकवर त्याला गुण नाहीत. आईची साडी सहा पिनांच्या भरवशावर सांभाळत बसलेल्या मुली आणि नव्या कुर्त्याची घडी न मोडलेली मुले तो एकमेकांना हलक्या आवाजात सांगत असतात, आणि त्याबद्दल पर्यवेक्षकांकडून अखेरची समज घेतात.

पंचवीस वर्षांनी स्नेहमेळाव्यात, म्हणजे त्याच वर्गाने पोट सुटल्यावर भरवलेल्या निरोप समारंभाच्या दुसऱ्या प्रयोगात, हाच दबलेला इतिहास तासन्‌तास सांगितला जातो आणि मूर्तिकारांची आठवण शाल-श्रीफळापुरती निघते. म्हणून मुख्याध्यापकांनी एवढेच करावे: मनोगते तपासू नयेत, समारंभ निकालानंतर ठेवावा आणि १७ नंबरचा फॉर्म भरलेल्यांनाही त्याचे निमंत्रण द्यावे. हे घडत नाही तोवर आठवणींचा हा पेपर दरवर्षी आधीच फुटलेला असणार, आणि त्यात सर्वांना पैकीच्या पैकी मिळत राहणार.