कुंपणापलीकडचं शूटिंग

"अगं शैला, काल रात्री तुमच्याकडे केवढा तो उजेड! म्हटलं, मनूचं लग्नबिग्न ठरलं की काय."

"कसलं लग्न, मावशी! कॉलेजची शॉर्ट फिल्म. फिल्म पाच मिनिटांची, पण शनिवार-रविवार घर त्यांच्या ताब्यात."

"मनू हिरॉइन असेल ना?"

"छे हो. कंटिन्युइटी."

"म्हणजे?"

"वही घेऊन बसायचं आणि लिहायचं. हिरोच्या कपात चहा किती उरलाय, बाही दुमडलेली की सोडलेली, घड्याळ कुठल्या हातात. एकाच प्रसंगाचे तुकडे मागेपुढे घेतात. अर्धा झालेला कप पुढच्या तुकड्यात काठोकाठ दिसला की झालं हसं! आधी मीही नाक मुरडलं. पण आमची पोर हिरोला चारचौघांत सांगते, 'मघाशी डाव्या हाताने उचलला होतास.' ऐकतो तो मुकाट्याने."

"डायरेक्टर कोण मग?"

"तिथेच तर गंमत. सगळ्यांनाच व्हायचं होतं! तूही राणी, मीही राणी, पाणी कोण आणी? शेवटी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. आणि अट घातली, आता जो डायरेक्टर, तो पुढच्या फिल्मला स्पॉटबॉय."

"बरं केलं! आणि तो काठीला काहीतरी केसाळ बांधून अंगणात उभा होता, तो कोण गं?"

"बूमवाला. ते केसाळ असतं ना, त्याच्या आत माइक. वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून ते पांघरूण. माइक बोलणाऱ्याच्या जितका जवळ तितका बरा, पण चौकटीत दिसायला नको आणि भिंतीवर सावलीही नको. खांदे भरून आले बिचाऱ्याचे. रुसला होता आधी, चिठ्ठी निघाली नाही म्हणून."

"पण आवाज कॅमेऱ्यातच येतो ना?"

"यांचा वेगळ्या यंत्रात येतो. म्हणून तर ती पाटी आपटतात. पाटी मिटलेली फ्रेम आणि तो 'टक्' आवाज एडिटिंगला जुळवला की ओठ आणि शब्द जुळतात. सेकंदाला २५ फ्रेम असतात म्हणे. चार-पाच जरी सरकल्या तरी खटकतं."

"मला वाटायचं, रुबाबासाठी आपटतात!"

"आणि घरघर नको म्हणून पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद! माझा जीव दुधात. पण साउंडवाला पोरगा बिलंदर. बाइकची किल्ली फ्रिजमध्येच ठेवली त्याने. किल्ली घ्यायला फ्रिज उघडणार, म्हणजे चालू करायचं आठवणारच."

"हुशार हो!"

"शेवटी सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं केलं. नुसती शांतता रेकॉर्ड करायला."

"शांतता? ती कशाला?"

"प्रत्येक खोलीची वेगळी असते. संवादांमधल्या फटी तिनेच बुजवायच्या, नाहीतर मध्येच आवाज गेल्यासारखा वाटतो. तर नेमकी तेव्हा तुमच्या कुकरची शिट्टी!"

"अगं बाई! म्हणून ती चष्मेवाली धावत आली होती? मला वाटलं, साखर मागायला."

"ती प्रॉडक्शन सांभाळते. जेवण, वेळापत्रक, परवानग्या आणि शेजारी. तिच्यावाचून सगळं ठप्प. आणि एक मुलगा दिवसभर पांढरा थर्माकोल धरून उभा, हिरोच्या तोंडावर उजेड टाकायला."

"हे मात्र जुनंच हो. फाळक्यांच्या सरस्वतीबाई तेच करायच्या. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' म्हटलं की दादासाहेब आठवतात सगळ्यांना. पण मंडळींचा स्वयंपाक, फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं आणि उन्हात पांढरी चादर धरणं, हे सगळं त्या माउलीनं केलं. आणि तारामती कोण? हॉटेलात काम करणारा साळुंके! बाई मिळेना तर बाप्याला लुगडं नेसवलं."

"म्हणजे ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्याने निभावलं."

"निभावलं म्हणून तर पिक्चर झाला. काय गं, शेवटी नावं येतात ना पाट्यांवर?"

"येतात की. मनूचं आहे, थर्माकोलवाल्याचंही आहे. आमच्या ह्यांचं आभारात, घर दिलं म्हणून."

"मग माझंही घालायला सांग. साउंड विभागात."

"तुमचं? कशाबद्दल?"

"कुकर बंद केला की मी! डाळ कच्ची राहिली, तुझे काका अजून बोलत नाहीयेत माझ्याशी."