सुट्टी, शिंक आणि अदिती अशोक

सीमाभागातल्या नवराबायकोला एकत्र सुट्टी मिळत नाही, या प्रश्नाकडं आजवर कुठल्याही आयोगानं लक्ष दिलेलं नाही. मी राहतो निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. शिकवतो कागल तालुक्यातल्या एका शाळेत, म्हणजे महाराष्ट्रात. आमच्याकडं याचं कुणाला नवल वाटत नाही. निपाणीकरांचं देवचंद कॉलेजच मुळी अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. पोरं सकाळी परराज्यात शिकायला जातात आणि दुपारी भुकेच्या वेळी स्वराज्यात परत येतात. बायको मात्र निपाणीतल्याच शाळेत शिक्षिका. तिला तिचं सरकार दसऱ्याची मोठी सुट्टी देतं, मला माझं सरकार दिवाळीची. ती घरी असते तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत असतो, आणि मी मोकळा होतो तेव्हा तिच्या शाळेत बालदिनाच्या तालमी चाललेल्या असतात. 1967 साली महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं. भाषा, अस्मिता वगैरे मोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. ते झालं असतं तर निदान आमच्या सुट्ट्या तरी जुळल्या असत्या.

त्यामुळं दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की उरलेल्या सुट्टीत एकट्या माणसानं करायचं काय, हा माझा जुना प्रश्न. 2016 साली त्याचं उत्तर सापडलं. मी अदिती अशोकच्या मागं जायचं ठरवलं.

अदिती बेंगळुरूची. ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये मी तिला टीव्हीवर पहिल्यांदा बघितलं. वय 18, बारावीतून नुकतीच सुटलेली, आणि तिची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा कॅडी कोण, तर वडील. पहिले दोन दिवस ती पहिल्या दहांत होती, मग घसरली आणि 41व्या जागेवर राहिली. इतर पोरी चेंडू असा हाणायच्या की कॅमेऱ्यालाही तो सापडायचा नाही. हिचा चेंडू अलीकडंच पडायचा. पण हिरवळीवर पोचली की ही पोरगी शांतपणे दोन पावलं मागं सरायची, वाकून बघायची आणि दूरवरून चेंडू भोकात घालायची. वर्गात एखादी मुलगी असते, कधी हात वर करत नाही, पुरवणी मागत नाही, आणि पेपर तपासताना तिच्याच उत्तरपत्रिकेपाशी आपलं लाल पेन अडतं, तशी. मास्तर माणसाला अशी खेळाडू आवडणारच.

नोव्हेंबरात गुरुग्रामला, डीएलएफच्या मैदानावर, महिलांची इंडियन ओपन होती. तारखा 11 ते 13, म्हणजे बरोबर माझ्या सुट्टीच्या शेपटीला. मी घरात विषय काढला.

"म्हणजे अहो," बायको म्हणाली, "एका पोरीच्या मागं मागं तीन दिवस चालायला तुम्ही दिल्लीला जाणार, आणि वर डबा मी करून देऊ?"

"अठरा वर्षांची आहे गं. आपल्या पोरीएवढी."

"मग पोरीला बाजारात न्यायला तुमचे पाय का दुखतात?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून द्यायचं आहे. कट्ट्यावरची चौकशी त्याहून खोल होती. "गोल्फ? त्यात बॅटिंग कोण करतंय?" इथपासून सुरुवात. ती कर्नाटकची म्हटल्यावर एकानं भुवया वर केल्या. "आणि तू तिच्या बाजूनं?" मी म्हटलं, बाबा रे, गोल्फमध्ये बाजूच नसते. सगळ्या एकाच दिशेनं खेळतात. हे ऐकून कट्टा जरा नाराज झाला. ज्या खेळात बाजू नाही तो सीमाभागात रुजणं कठीण आहे.

गोवा एक्सप्रेस बेळगावात संध्याकाळी येते. निपाणीला रेल्वे नाही, म्हणून लाल गाडीनं बेळगाव गाठलं, अदितीला द्यायला म्हणून कुंदा घेतला आणि गाडीत बसलो. तो मंगळवार होता, 8 नोव्हेंबर. बेळगाव मागं पडलं, मी डबा उघडला, चटणी-भाकरीचा पहिला घास घेतला आणि समोरच्या बर्थवरच्या गृहस्थाचा फोन वाजला. फोनवर बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला. पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद. बायकोनं पाकिटात घालून दिलेल्या सगळ्या नोटा पाचशेच्या होत्या. सुटे पैसे प्रवासात हरवतात असं तिचं मत.

पुण्यानंतर चहावाला पाचशेची नोट बघूनच पुढच्या डब्यात पळायचा. दुसऱ्या दिवशी मनमाडच्या पुढं कधीतरी मी कुंद्याचं खोकं उघडलं. समोरच्या गृहस्थांकडं दहाच्या नोटांचं बंडल होतं आणि माझ्याकडं बेळगावचा कुंदा होता. अर्थव्यवस्था म्हणजे काय हे मी पंधरा मिनिटांत समजून घेतलं. अदितीसाठी एक पुडा ठेवला होता, तो निजामुद्दीनला उतरल्यावर रिक्षावाल्याच्या पोराबाळांना गेला. मी अर्थशास्त्राचा मास्तर नाही, पण कुंद्याचा भाव त्या दिवशी डॉलरपेक्षा स्थिर होता एवढं छातीठोक सांगू शकतो.

गुरुग्रामला माझा एक माजी विद्यार्थी फौजेत आहे. त्याच्याकडं मुक्काम. "सर, आपण येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला आणि पहिल्या दिवशी खरंच आला. पाचव्या होलपर्यंत निमूट चालला. मग हळूच विचारलं, "सर, मॅच कधी सुरू होणार?"

त्याचंही बरोबर होतं. क्रिकेटला माणूस एका जागी बसतो आणि खेळ त्याच्यासमोर घडतो. गोल्फमध्ये खेळ पुढं चालत जातो आणि तुम्ही दोरीच्या बाहेरून त्याच्या मागं. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटरची पायपीट. मैदानावर एकाच वेळी डझनावारी खेळाडू पसरलेल्या असतात. तुम्ही एकीच्या मागं लागलात की बाकीच्या काय करतायत ते तुम्हाला कळत नाही. दूर झाडीमागं टाळ्या वाजतात, कुणीतरी काहीतरी भारी केलेलं असतं, ते काय हे संध्याकाळी फळ्यावर कळतं. ज्यांना सगळं एकदम कळलं पाहिजे असं वाटतं त्यांनी घरी टीव्ही बघावा. एकाच माणसाकडं दिवसभर बघत राहायची ज्यांना हौस आहे, हा खेळ त्यांचा. लग्नानंतर अशी हौस कमी होते म्हणतात. म्हणूनही सुट्टी लागते.

आणि बोलायचं नाही! मार्शल लोक हात वर करतात, पाटी दाखवतात, की झालं; झाडावरचा पोपट सोडून सगळ्यांनी गप्प. निपाणीच्या माणसाला यात एक वेगळी अडचण आहे. आमच्या घरामागं तंबाखूची वखार. हंगामात माल उलटापालटा करायला लागले की हवेत जी धूळ उठते त्यानं पाहुणे पहिल्या चहाआधी शिंकू लागतात, आणि आम्ही जन्मभर. शिंक हा आमचा कुलाचार आहे. त्यात त्या महिन्यात दिल्लीवर असा धुरकट थर बसला होता की त्याच आठवड्यात तिथल्या शाळा बंद ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. एका होलवर अदितीचा चेंडू हिरवळीच्या पार कडेला. तिनं चेंडूमागं खूण ठेवली, चेंडू उचलून पुसला, परत ठेवला. वाकली. भोकाच्या पलीकडं जाऊन बघून आली. पुन्हा वाकली. पायानं जमीन दाबायची नाही, नजरेनं उतार मोजायचा, असं चाललेलं. कॅडीनं झेंडा काढला. मार्शलचा हात वर गेला. आणि माझ्या नाकाच्या शेंड्यात, अगदी आत, तंबाखूचं निपाणी जागं झालं.

मी नाक धरलं. श्वास रोखला. डोळ्यांत पाणी आलं. ती चेंडूपाशी उभी राहिली, काठी एकदा हवेत हलवली, दुसऱ्यांदा हलवली. मला वाटलं आता देवच तारतो. शेजारी माझा विद्यार्थी. फौजी माणूस, परिस्थिती लगेच ओळखली. त्यानं खिशातून रुमाल काढून माझ्या तोंडावर असा दाबला की दोन परदेशी बाया घाबरून बाजूला सरकल्या. तेवढ्यात चेंडू निघाला. सावकाश, थोडा डावीकडं वाकत, अगदी कंटाळल्यासारखा घरंगळत गेला आणि गडप झाला. टाळ्या उसळल्या आणि त्या टाळ्यांत मी शिंकलो. चार सलग. आजूबाजूच्यांना वाटलं, फार भावुक झालाय बिचारा.

रविवारी, 13 तारखेला, शेवटच्या होलला ती पोचली तेव्हा मी कडेला टाचा वर करून उभा. तो पाच फटक्यांचा होल तिनं चारांत संपवला, बर्डी म्हणतात त्याला, आणि एका फटक्यानं स्पर्धा जिंकली. एकूण 213, ठरलेल्या फटक्यांपेक्षा तीन कमी. मागं राहिल्या त्यात अमेरिकेची ब्रिटनी लिन्सिकम होती, दोन मेजर स्पर्धा जिंकलेली. महिलांच्या युरोपियन टूरवर जिंकणारी अदिती पहिली भारतीय. बक्षीस 60 हजार डॉलर. ज्या आठवड्यात अख्खा देश चार हजारांच्या जुन्या नोटा बदलायला बँकेबाहेर उन्हात उभा होता त्या आठवड्यात! मी तिच्यासाठी गाडीत कन्नडमध्ये दोन वाक्यं पाठ केली होती. ती माझ्यापासून बरीच लांबून गेली. तोंडातून निघालं, "भले शाब्बास पोरी!" शेजारच्या सरदारजींनी "बिल्कुल" म्हणून मान डोलावली.

पुढं तिचा पाठलाग मी घरबसल्याच केला. 7 ऑगस्ट 2021 ला, टोकियो ऑलिंपिकमधल्या महिला गोल्फच्या शेवटच्या दिवशी, अख्खा भारत पहाटे उठून गोल्फतज्ज्ञ झाला तेव्हा मी कोगनोळी नाक्याच्या अलीकडं अडकलो होतो. कागलहून परत येताना करोनाच्या चाचणीचा कागद दाखवावा लागायचा, म्हणून पलीकडं जाणंच टाळायचो. पण मोबाइलवर थेट कासुमिगासेकीला हजर होतो. त्या वेळी तिची बॅग आईच्या खांद्यावर होती. एका फटक्यानं तिचं पदक गेलं, चौथी आली. कट्ट्यावरचा तोच गडी, "बॅटिंग कोण करतंय" म्हणणारा, मला सांगत होता, "मास्तर, शेवटचा पट जरा उजवीकडनं पाहिजे होता."

आमच्या जिल्ह्यालाही पुढच्या ऑगस्टमध्ये गोल्फ कळलं, पण वेगळ्या वाटेनं. बेळगावात गोल्फचं मैदान आहे ही गोष्ट बहुतेक बेळगावकरांना बिबट्यानं सांगितली. 2022 साली तो जाधवनगरात दिसला आणि तिथून रेसकोर्सकडच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या 22 शाळा बंद. वनखात्याची माणसं, पिंजरे, कॅमेरे, कुत्री, शेवटी शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले. सगळे पाय न वाजवता त्याच्या मागं, दिवसेंदिवस, आणि बिबट्या कुणाला सापडला नाही. लोक वनखात्याला हसले. मी नाही हसलो. गोल्फच्या मैदानावर मागं मागं चालणं म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं. फक्त त्यांना सुट्टी घेऊन जावं लागलं नाही.

आता खरी तक्रार. 2018 पासून ही इंडियन ओपन ऑक्टोबरमध्ये भरायला लागली. ऑक्टोबर म्हणजे दसरा, म्हणजे कर्नाटकाची सुट्टी, म्हणजे बायकोची. 2023 साली ती बहिणीला घेऊन गुरुग्रामला जाऊन आली. मी पेपर तपासत होतो. डबा मीच करून दिला. परत आली ती दीक्षा डागरची भक्त होऊन. दीक्षा डावखुरी, आमच्या मुलीसारखी. जन्मापासून ऐकू कमी येतं, तरी दक्षिण आफ्रिकेत आणि चेक देशात जिंकलेली. "तुमची अदिती चांगलीच आहे," बायको म्हणाली, "पण चालावं तर दीक्षाच्या मागं. आणि अहो, तिथं शिंकलं तर काही होत नाही. मी शिंकले."

तेव्हा महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यात कुणाची ओळख असेल तर कृपा करून कळवा. दिवाळी अलीकडं आणता येत नाही हे मला समजतं. सुट्टी तेवढी आठवडाभर आधी सुरू झाली, तर एका घरातली दोन तिकिटं एकाच गाडीची काढता येतील.