गणपतीला की कंपनीला?

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं आहेत, तिथे किंमत कळण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी होते. "छोटा कॉम्प्युटर बोर्ड मिळेल का?" असं विचारलं, की काउंटरपलीकडून मान वर न करता प्रश्न येतो, "गणपतीला हवाय की कंपनीला?" बाहेरगावच्या माणसाला यात पुणेरी खवचटपणा दिसेल. मला मात्र या विषयात इतका नेमका तांत्रिक प्रश्न दुसरा कोणी विचारलेला आठवत नाही.

गणपतीला म्हणजे दहा दिवस. हलत्या देखाव्यातला कुंभकर्ण पुराणात सहा महिन्यांनी उठायचा, मंडळाच्या मांडवात तो दर दहा मिनिटांनी उठतो. ढोल वाजले की डोळे किलकिले, मग हात, मग जांभई, आणि त्याच क्षणी मागचा लाल दिवा. पूर्वी हे सगळं मोटरवर फिरणाऱ्या लाकडी रुळाच्या जिवावर चाले. रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या; पट्टी तारेला टेकली की दिवा लागे, सरकली की विझे. आता रुळाच्या जागी पत्त्याच्या कॅटाएवढा बोर्ड आणि शेजारी टकटक करणारे रिले. मधेच बोर्ड रुसला तर कुंभकर्ण अर्ध्या जांभईत अडकतो. मग माइकवरून "देखावा थोड्याच वेळात सुरू होईल" अशी घोषणा होते आणि एक कार्यकर्ता स्टेजखाली शिरून बटण बंद-चालू करतो. अनंत चतुर्दशीला बोर्डाची नोकरी संपते.

कंपनीला म्हणजे भोसरी, चाकण, रांजणगाव. तिथे स्टेजखाली शिरणारा कार्यकर्ता नसतो. तिसऱ्या पाळीत रात्री तीन वाजता बोर्ड रुसला तर मशीन थांबतं, जॉब अडकतो आणि सुपरवायझरचा फोन मालकाच्या झोपेत शिरतो. पॅनलमध्ये उकाडा, हवेत तेलाचा तवंग, शेजारी दणके देणारा प्रेस. इथला छोटा कॉम्प्युटर वेगळ्या स्वभावाचा लागतो.

गंमत म्हणजे या जातीतला सगळ्यात प्रसिद्ध बोर्ड कंपनीसाठी जन्मलाच नव्हता. इंग्लंडात केंब्रिजच्या मंडळींनी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये पस्तीस डॉलरचा रास्पबेरी पाय काढला. मुलांनी तो घेतला आणि मुलांच्या मागोमाग कारखानदारांनीही घेतला. तेव्हा २०१४ मध्ये त्याचा कंपनीवाला भाऊ आला, कम्प्यूट मॉड्यूल. पहिला हुबेहूब लॅपटॉपच्या रॅमच्या पट्टीसारखा दिसे. २०२०च्या चौथ्या पिढीपर्यंत त्याचं माप ५५ गुणिले ४० मिलिमीटरवर आलं.

माप सोडा. मला भावलं ते त्याने काय टाकून दिलं ते. यूएसबीचं भोक नाही, पडद्याची वायर लावायला जागा नाही, नेटवर्कची खोबण नाही. पोटाखाली शंभर-शंभर पिनांचे दोन कनेक्टर, बस्स. लग्नातला आचारी झारा तेवढा स्वतःचा आणतो, चूल आणि कढया यजमानाच्या. तसा हा मेंदू तेवढा आणतो, बाकीचा कॅरिअर बोर्ड ज्याचा त्याने आपल्या मशीनच्या मापाने बनवून घ्यायचा. रॅम किती, साठवण किती, वायफाय हवं की नको, असं करत चौथ्या पिढीचे बत्तीस प्रकार निघाले. एवढे पर्याय पुण्यात एखाद्या हॉटेलने दिले असते तर वेटरने "काय ते एकदाच सांगा" म्हणून पाठ फिरवली असती.

साठवणीची चिप बोर्डावरच डकवून मिळते, हे मोठं सुख. खाचेत बसवलेलं मेमरी कार्ड प्रेसच्या दणक्यांनी हळूहळू सैल होतं. चिपेला सैल व्हायला जागाच नाही. अर्थात लिहिता लिहिता वीज गेली तर तीही गोंधळते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे कॅलेंडरात छापायचं तेवढं राहिलंय, त्यामुळे पॅनलमध्ये बॅटरीची सोय शहाणा माणूस आधी करतो. तापमानाची हमी उणे २० ते ८५ अंशांची. उणे २० आपल्या काय कामाचं? बारा अंशांना आम्ही कानटोप्या काढतो. पण एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली बंद पॅनलमध्ये वरचा आकडा उपयोगी पडतो.

आणि एक हमी अशी की ती ऐकून मी दुकानदाराला पुन्हा विचारलं. चौथं मॉड्यूल निदान जानेवारी २०३४ पर्यंत बनत राहील, असं कंपनी सांगते. आपला फोन दोन दिवाळ्या झाल्या की जुना ठरतो. इथे मात्र "नवीन काय?" असं कोणी विचारत नाही, "दहा वर्षांनी हेच मिळेल ना?" असं विचारतात. बोर्ड बदलला तर कॅरिअर बदला, प्रोग्रॅम तपासा, मशीनच्या चाचण्या पहिल्यापासून करा. हा खर्च बोर्डाच्या किमतीच्या कितीतरी पट. संगणकाच्या दुनियेत जुनेपणाला एवढा मान पाहून माझ्या वयाच्या माणसाला बरं वाटतं.

आपल्या गावाला तसं मोठ्या संगणकाचं वेड. गणेशखिंडीत १९८८ साली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' आला आणि पुण्याने कॉलर ताठ केली. पण तो महासंगणक आतून छोट्यांचाच मेळावा होता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा त्यात होत्या. प्रत्येकीला चार दुवे, म्हणजे फक्त चार शेजाऱ्यांशी बोलायची मुभा. वाद कमी झाले असणार. याच चिपा इनमॉस 'ट्राम' नावाच्या चिमुकल्या कार्डांवर बसवूनही विके, मोठ्या बोर्डावर खोचायला. मॉड्यूलची कल्पना आजची नाही.

आणि ज्याच्यापुढे बुधवार पेठेतला प्रश्नही थिटा पडेल असा संगणक पुण्याच्याच सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वर पाठवला. त्यांचा 'स्वयम्' हा दहा सेंटिमीटरचा चौकोनी, किलोभराच्या आतला उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीवरून सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर गेला. तिथे बटण बंद-चालू करायला कोण जाणार?

भोसरीत खंडेनवमीला लेथला हार पडतो, प्रेसला कुंकू लागतं, पान्हेसुद्धा धुवून पाटावर मांडतात. माझ्या पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये झेंडू पॅनलच्या दारापर्यंत पोचला, आतल्या मॉड्यूलला काही मिळालं नाही. "दार उघडून एक पाकळी तरी ठेव," मी म्हटलं. "काका, वर्षभर उघडलेलं नाही, म्हणून तर चालतंय," तो म्हणाला. दारावर त्याने मार्करने लिहिलंय: "चालू आहे. उघडू नये. का चालू आहे हे विचारू नये. बंद पडल्यास गुरुवार सोडून कळवावे."