वांगणीकर

“कुठं राहता?” या प्रश्नाला वांगणीकर एकदम उत्तर देत नाही. आधी समोरचा माणूस जोखतो. तो दादरचा असेल तर “कल्याणच्या पुढे.” कल्याणचा असेल तर “बदलापूरच्या पुढे.” खुद्द बदलापूरचाच निघाला, तर मात्र छाती पुढे काढून “वांगणी! लगेच पुढचं स्टेशन.” हे ‘लगेच’ दहाएक किलोमीटरचं असतं.

दादरकरांना तरी काय बोलायचं? त्यांचा भूगोल 16 एप्रिल 1853 लाच थांबलाय. त्या दिवशी पहिली गाडी धावली, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर. रूळ पुढे कर्जतपर्यंत गेले, शंभर किलोमीटर झाले, हे त्यांच्या कानावर आलेलं नाही.

वांगणीकराचे वडील लालबागच्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गिरणी गेली, यथावकाश दहा बाय बाराची खोलीही गेली आणि वांगणीला वन बीएचके आला. घर स्टेशनपासून ‘पाच मिनिटांवर’. ही पाच मिनिटं शेअर रिक्षा भरल्यावर सुरू होतात.

फ्लॅट घेतला तो गॅलरीतून चंदेरीचा सुळका दिसतो म्हणून. वांगणीकर अंधारात निघतो, अंधारात परततो. त्यामुळे सुळका आई बघते. “त्यात काय बघायचं? काल होता तिथंच आहे,” असं तिचं मत आहे.

त्याचं खरं घर म्हणजे सकाळची लोकल. बॅग रॅकवर, रुमाल मानेला, आणि नशिबी आली तर चौथी सीट, म्हणजे अर्धं बूड बाकावर आणि अर्धं अधांतरी. तेवढ्या आसनावरूनही डोंबिवलीला दाराशी लोंबकळणाऱ्यांकडे तो जमीनदाराच्या करुणेनं पाहतो. ठाणं आलं की मात्र न सांगता उठतो आणि ग्रुपमधल्या उभ्या माणसाला जागा देतो. घरी रिमोटसुद्धा न सोडणारा हा गृहस्थ हा नियम मोडत नाही.

27 जुलै 2019 ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजारेक प्रवासी, होड्या, वर हेलिकॉप्टर. टीव्हीवर दिवसभर वांगणी. सगळे सुखरूप सुटल्याचं कळलं आणि मग वांगणीकराचा चेहरा हळूहळू खुलू लागला. सोमवारी ऑफिसात साहेबांनी स्वतःहून विचारलं, “तुम्ही त्या वांगणीचेच ना?” आयुष्यात पहिल्यांदा त्याला कल्याणचा आधार घ्यावा लागला नाही. चहाही साहेबांनीच मागवला.

गुरुवारी पाऊस उघडला. साहेब म्हणाले, “काय, आसनगावला पाणी ओसरलं का?”

आसनगाव कसाऱ्याच्या लाइनवर आहे.