दिवाळखोराचा वडापाव

पुण्या-नाशकाकडच्या माणसाला दिवाळे जाहीर करायचे, तर आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच उघडावा लागतो. 2016 ची नवी संहिता कंपन्यांच्या जामीनदारांपर्यंत पोहोचली. साधा कर्जदार अजून रांगेतच आहे.

अर्जदार मात्र कायद्याहून हुशार! आधी फ्लॅट बायकोच्या नावावर, मग सगळ्या घेणेकऱ्यांना ठेंगा दाखवून एकट्या मेहुण्याची परतफेड, शेवटी कोर्टात हात वर. अर्जाआधीच्या दोन वर्षांतले असले फुकटचे हस्तांतर आणि अर्जाआधीच्या तीन महिन्यांतली मेहुणेमाया कोर्ट रद्द करू शकते, हे त्याला वकिलाची फी भरल्यावर कळते. लबाडीने वह्या दडवल्या, तर वर्षभराचा तुरुंगही.

महागाई या कायद्याला शिवलेलीच नाही. मुक्त न झालेल्या नादाराने ती गोष्ट लपवून 50 रुपयांची उधारी केली, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा दोन वडापाव नि कटिंग खात्यावर मांडण्यापूर्वी टपरीवाल्याला कोर्टाचा आदेश वाचून दाखवलेला बरा.